रीसेटरावांची पेटी

मुलांनो, क्षणभर अशी कल्पना करा की तुम्ही गादीवर पाठ टेकून पडला आहात. पाठ अवघडली की तुम्ही काय करता? कूस बदलता. झोपेतसुद्धा बदलता, कुणी आठवण करून द्यावी लागत नाही. आता अशी कल्पना करा की छातीखालचं अंग तुमचं ऐकतच नाही. तिथे दुखत नाही, खुपत नाही, मुंग्यासुद्धा येत नाहीत. एकाच जागी दबून राहिलेली कातडी हळूहळू मरायला लागते, तिथे जखम होते, आणि ज्याची पाठ त्यालाच पत्ता नसतो. त्या जखमेला बेडसोर म्हणतात. ती एकदा झाली की महिनोन् महिने जात नाही.

मुंगीच्या मामाला हीच भीती होती. मामा रंगारी. इमारतीला बाहेरून रंग देताना परांची मोडली, तो खाली पडला आणि तेव्हापासून तो मुंगीच्या घरी, खिडकीजवळच्या पलंगावर. मुंगी हे नावही त्यानेच ठेवलेलं, कारण ही पोर सतत कशाच्या तरी फटीत डोकं घालून बसलेली असायची.

मामाच्या पलंगावर हवेची गादी होती. जाड रबरी नळ्या एकीला एक लावून आडव्या टाकलेल्या. एक सोडून एक नळी फुगायची. थोड्या वेळाने फुगलेल्या रिकाम्या व्हायच्या आणि रिकाम्या फुगायच्या. म्हणजे मामाने कूस बदलली नाही तरी गादी त्याच्यासाठी बदलायची. हे सगळं करायची पायाशी टांगलेली एक पेटी.

त्या पेटीत एक चिप होती, नखाएवढी. मायक्रोकंट्रोलर म्हणतात तिला. तुमच्या संगणकात ऑपरेटिंग सिस्टिम असते. ती म्हणजे मोठ्या घरातली कर्ती बाई. कोण अडलंय, कोण रिकामा बसलाय, कुणाचं काय बिघडलंय, सगळीकडे तिचं लक्ष. मामाच्या पेटीत अशी कर्ती बाई नव्हती. तिथे एकच कामगार, बंद खोलीत एकटा, पाठ केलेलं काम करत गोल गोल फिरणारा. हवेचा दाब बघ. जास्त असेल तर थोडी हवा सोड. घड्याळ बघ. वेळ झाली असेल तर नळ्यांची अदलाबदल कर. पुन्हा पहिल्यापासून. तो अडला तर ‘मी अडलो’ असं सांगायला तोंड नाही. बाहेरचा हिरवा दिवा तर थेट विजेवर लागायचा. आत कामगार चालो की न चालो, बाहेर हिरवंगार. असा दिवा ज्याने बसवला त्याला एक दिवस त्याच गादीवर बांधून ठेवावं, असं मला फार वाटतं.

तर ही पेटी अधूनमधून अडकायची. नळ्या जशा असतील तशाच राहायच्या, तासभर, दोन तास. कुणाच्या लक्षात आलं तर आलं.

मुंगीच्या आईने कंपनीला फोन केला आणि कंपनीने आपला तज्ज्ञ पाठवला. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, कानाला फोन. आत आला, मामाकडे बघितलंही नाही. पेटीचं बटण बंद केलं, चालू केलं. पंप घुरघुरला.

“चालतंय की!”

“अहो, आता चालतंय. पण अडकतं का ते?” आईने विचारलं.

“मॅडम, इलेक्ट्रॉनिक्स आहे. होतं असं. अडकलं की रीसेट मारायचा.”

“आणि मला कळायचं कसं, अडकलंय ते?” मामा पलंगावरून म्हणाला. “मला पाठ आहे हेसुद्धा मी ऐकूनच आहे.”

तज्ज्ञ हसला नाही. कागदावर सही घेऊन गेला. तो जिन्यावरून दिसेनासा होतोय तोवर मामाने त्याचं बारसं उरकलं होतं: रीसेटराव.

दुसऱ्या खेपेला रीसेटरावांनी चौकशी केली. खरंच केली! कधी अडकतं, कोण घरी असतं, पलंगावर कोण बसतं. मुंगीने सांगितलं, मी शाळेतून आले की मामाजवळ बसते. तेव्हाच जास्त अडकतं बहुतेक.

“बघा!” रीसेटराव आईकडे वळले. “मॅडम, पोरगी गादीवर उड्या मारते, आणि दोष पेटीला. तिला पलंगावर चढू देऊ नका. मिटला विषय.”

मुलांनो, नीट बघा हं इथे काय झालं. बंद दाराची किल्ली या गृहस्थाच्या हातात आयती आली होती. पेटी कधी अडकते ते एका लहान मुलीने त्याला सांगितलं होतं. आणि त्या किल्लीने त्याने काय केलं? कान कोरला. काही माणसं अशी असतात की त्यांना तक्रार संपवायची असते, बिघाड नाही. तक्रार करणाऱ्याला गप्प केलं की दोन्ही संपलं असं त्यांना वाटतं. अशांना शिकलेला म्हणणं हा शिकण्याचा अपमान आहे.

मुंगी त्या दिवसापासून पलंगावर बसेनाशी झाली. स्टुलावर बसून मामाशी बोलायची, हात मांडीखाली घालून. आपल्यामुळे मामाची गादी बिघडते, हे तिच्या मनाने घेतलं होतं.

अडकणं कमी झालं. थांबलं नाही. तिसऱ्या खेपेला रीसेटराव लॅपटॉप घेऊन आले, पेटीत नवा प्रोग्राम घातला आणि छाती काढून म्हणाले, “आता पेटी दर पाव तासाने आपली आपणच रीसेट होणार. अडकायला वेळच मिळणार नाही तिला.”

मामा म्हणाला, “वा! म्हणजे तुम्ही यायची गरज नाही. पेटीतच एक छोटे साहेब बसवले.”

आठवड्याने सिस्टर आल्या. या वस्तीतल्या घरोघरी जाऊन रुग्ण बघणाऱ्या परिचारिका, बोलायला कमी, बघायला पक्क्या. त्यांनी मामाला कुशीवर वळवलं. कमरेच्या वर कातडी लाल होऊन फुटली होती. लहानशी जखम, पण जखम.

“ही खूण आडवी आहे,” त्या म्हणाल्या. “एकाच नळीवरची.”

मुंगीने त्यांच्या हाताखालून मान घातली. खरंच एकाच नळीवरची होती ती. का, ते तिला जेवताना कळलं. तिने घास तसाच धरून आईला विचारलं, “आई, पेटी रीसेट झाली की पहिल्यांदा कुठल्या नळ्या फुगतात?”

“पहिलीपासून. एक, तीन, पाच.”

“नेहमी?”

“नेहमी. आणि दहा मिनिटांनी दोन, चार, स…” आईचा हात थांबला. पहिल्या नळ्यांना दहा मिनिटं. दुसऱ्यांना पाचच, की लगेच पाव तास भरला, रीसेट, पुन्हा पहिल्याच नळ्या. दिवसभर हेच. रीसेटरावांनी बिघाड झाकायला जी गोधडी टाकली होती, तीच मामाच्या पाठीला चावत होती.

सिस्टर जाताना आईशी दारात बोलल्या होत्या. “मी सोमवारी येते. गादीवर भरवसा ठेवता येत नसेल तर यांना रुग्ण सांभाळणाऱ्या संस्थेत हलवावं लागेल. तिथे दर दोन तासांनी वळवायला माणसं आहेत. तुम्ही नोकरी करता, पोर शाळेत जाते. मला दुसरा मार्ग दिसत नाही.”

भिंती पातळ होत्या. मामाने ऐकलं. त्या दिवशी त्याने एकही विनोद केला नाही.

आता, मुंगीची आई स्वतः याच कामातली. वजनकाट्यांच्या कारखान्यात अशाच चिपसाठी प्रोग्राम लिहायची. मग इतके दिवस गप्प का बसली? पेटीवर कागदी सील होतं. ते फाडलं की कंपनी हात वर करणार. शनिवारी सकाळी तिने ते सील नखाने टराटरा फाडलं आणि रीसेटरावांना फोन लावला.

“साहेब, मला मूळ प्रोग्राम पाठवा. वाचायचाय.”

“तुम्ही? वाचून काय करणार मॅडम? ते काय मासिक आहे का?”

“बघते चित्रंबित्रं आहेत का.”

पलीकडून हसू आलं. “पाठवतो. कळलं तर आम्हालाही सांगा!” आणि खरंच पाठवला. गर्विष्ठ माणसाचा एवढा एक फायदा असतो, तो दाराला कुलूप लावत नाही.

आईने आधी पाव तासाचं रीसेट काढून टाकलं. मग जेवणाच्या टेबलावर पेटी उघडली, भिंग लावून बघितली, आणि विजेच्या तारेचा एक जोड तिला फिका वाटला. “सैल जोड! साध्या डागात रडतात हे लोक,” असं म्हणत तिने तापलेल्या सोल्डरचा नवा डाग दिला, पेटी पलंगाला टांगली आणि दिवसभर नजर ठेवली. पेटी एकदाही अडकली नाही. रविवारी सकाळीही नाही.

“झालं!” आई म्हणाली. “सोमवारी येऊ देत सिस्टर.”

मुंगी स्टुलावर बसून पाय हलवत होती. “आई, काय चुकलं होतं?”

“जोड सैल होता.”

“सैल होता हे तू बघितलंस?”

“बघितलं म्हणजे… तसा वाटला.”

“पण मी तर कधीपासून पलंगावर बसतच नाहीये.”

मामाने डोळे मिटूनच म्हटलं, “ताई, शर्टाला इस्त्री कर आणि खिशाला दोन पेनं लाव. रीसेटबाई शोभशील.”

“तोंड सांभाळ हं!” आई कडाडली. तिचा चेहरा लाल झाला. दुसऱ्याला मूर्ख म्हणून झाल्यावर आपणही त्याच खड्ड्यात उभे आहोत हे कळणं फार झोंबतं. वाटलं म्हणून डाग दिला, अडकलं नाही म्हणून बरं झालं असं धरून चालली. यात आणि बटण बंद-चालू करण्यात फरक तो काय? पण तिची तेवढी लायकी होती, की झोंबलं तरी ती उठून गेली नाही. थोड्या वेळाने तिने मुंगीसमोर खुर्ची ओढली.

“तू बसलीस की अडकतं. नक्की?”

मुंगीचे डोळे भरले. “मी मुद्दाम नाही गं करत.”

“अगं वेडे, तू काही केलेलं नाहीस. पण आज मुद्दाम करायचंय. चढ पलंगावर.”

मामाला चाकाच्या खुर्चीत बसवलं. आईने चिपच्या तीन रिकाम्या पायांना तीन छोटे दिवे जोडले आणि प्रोग्राममध्ये तीन ओळी घातल्या. कामगार दाब बघत असेल तर पिवळा. घड्याळ बघत असेल तर निळा. अदलाबदल करत असेल तर लाल. ज्याला तोंड नाही त्याला अशी खुणेची भाषा द्यावी लागते. मग तिने दहा मिनिटांची अदलाबदल अर्ध्या मिनिटावर आणली, म्हणजे वाट बघण्यात दिवस जाऊ नये.

“मार उड्या.”

“जोरात?”

“दे दणका!” मामा म्हणाला. “माझ्या वाटच्यापण मार.”

मुंगीने उडी मारली. पिवळा, निळा, पिवळा, निळा, आणि अर्ध्या मिनिटाने लाल. पुन्हा. पुन्हा. ती घामाघूम झाली. आईने पाणी दिलं आणि पुन्हा चढवलं. मामा समालोचन करायला लागला. “मुंगी मैदानात! मुंगी हवेत! मुंगी… अरे, लाल कुठाय?”

लाल लागला नव्हता. पिवळा-निळा चालूच होते. नळ्या हलत नव्हत्या.

“कुणी हात लावू नका!” आई एवढ्या जोरात ओरडली की मुंगी हवेतल्या हवेत आखडली. “बटणाला हात लावाल तर बघा!”

मुलांनो, अडकलेली पेटी म्हणजे घरात कोंडलेला चोर. त्याला तिथेच धरायचं असतं. रीसेटरावांनी घरी आल्या आल्या काय केलं होतं? दार उघडून चोराला वाट करून दिली होती, आणि वर सही घेतली होती.

आईने लॅपटॉपची तार चिपला जोडली आणि कामगाराला होता तिथे थिजवलं. असं करता येतं. मग तो कुठल्या ओळीवर उभा आहे आणि त्याच्या हातात कुठले आकडे आहेत ते वाचता येतं.

“निळा लागत होता, म्हणजे तो मेलेला नाही, वाट बघतोय,” आई पुटपुटली. “कशाची रे, राजा? हां. घड्याळात दोन लाख दहा हजार वाजायची. ते सेकंदाचे हजार भाग करून मोजतं.”

“आणि घड्याळात किती वाजलेत?” मुंगीने विचारलं.

“दोन लाख सत्तावीस हजार.”

“मग ते तर होऊन गेले!”

आईने प्रोग्रामची ती ओळ तिच्यापुढे सरकवली आणि अर्थ सांगितला. घड्याळ बरोबर दोन लाख दहा हजारांवर असेल, तर अदलाबदल कर.

“बरोबर म्हणजे अगदी बरोबर?”

“अगदी. एक पुढे नाही, एक मागे नाही.”

मुंगी पलंगाच्या काठावर टेकली. “म्हणजे मी उडी मारली, दाब वाढला, तो हवा सोडत बसला. तेवढ्यात वेळ निघून गेली. आणि हा बसलाय आपला वाट बघत.”

“चार वाजता चहा देईन म्हणणाऱ्या बाईसारखा,” मामा म्हणाला. “चारला तिची भाजी करपत होती. वळून बघते तर चार वाजून एक मिनिट. आता काय करणार बिचारी? चहा उद्या.”

“उद्या नाही रे,” आई म्हणाली. “घड्याळ भरून पुन्हा शून्यापासून सुरू होऊन हा आकडा फिरून यायला दीड महिन्याच्या वर लागतो.”

दीड महिना एका कुशीवर. आणि हे कशामुळे? ‘वेळ झाली किंवा होऊन गेली’ एवढं लिहायचं राहिल्यामुळे. तुम्हा-आम्हाला जेवायला उशीर झाला तरी आपण जेवतोच ना? ही अक्कल पेटीत आपोआप येत नसते. ती आपण घालायची असते, आणि आपल्याकडे असली तरच घालता येते.

आईने ती ओळ बदलली. मग मुंगीने पाय दुखेपर्यंत उड्या मारल्या आणि लाल दिवा एकदाही चुकला नाही.

सोमवारी सिस्टर आल्या, आणि त्यांनी बोलावल्यामुळे रीसेटरावही आले. फाटलेलं सील बघून त्यांना आनंदच झाला.

“सील तोडलंय. आता आमची जबाबदारी संपली. सिस्टर, लिहून घ्या, पेटीत छेडछाड झालीय.”

“लिहिते,” सिस्टर म्हणाल्या. “आधी दाखवा.”

आईने मुकाट्याने कंपनीचा मूळ प्रोग्राम चिपमध्ये घातला, फक्त वेळ अर्ध्या मिनिटावर आणली. मामा खुर्चीत, मुंगी गादीवर. थोड्याच वेळात पेटी अडकली. हिरवा दिवा छान चमकत होता. मग आईने आपला प्रोग्राम घातला. मुंगी उड्या मारत राहिली, नळ्या बदलत राहिल्या. सिस्टर हाताने चाचपून बघत होत्या, डोळ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता.

“पण मॅडम,” रीसेटराव म्हणाले, “रुग्ण काय उड्या मारतात का?”

“खोकतात,” सिस्टर म्हणाल्या. “मी त्यांना वळवते, पुसते, उठवून बसवते. तेव्हा काय होतं तुमच्या पेटीचं?”

रीसेटरावांनी फोन काढून उगाच बघितला. त्यांना लाज वाटली असं मी तुम्हाला सांगणार नाही. लाज वाटायलासुद्धा आत कुणीतरी जागं असावं लागतं. ते म्हणाले, “ठीक आहे, ती ओळ मला पाठवून ठेवा. पुढच्या पेट्यांत टाकू.”

“आणि आत्ता लोकांच्या घरी आहेत त्या?” आईने विचारलं.

“तक्रार आली तर बघू ना.”

“ज्याला पाठ कळत नाही तो कसली तक्रार करणार?” मामाने विचारलं. रीसेटरावांना उशीर होत होता. ते गेले.

सिस्टरनी मामाला गादीवर घेतलं, जखम धुतली, पट्टी बदलली. मग वहीत काहीतरी लिहून म्हणाल्या, “इथेच राहा. पुढच्या आठवड्यात बघते.” मामाने मान भिंतीकडे वळवली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

सिस्टरनी पिशवी खांद्याला लावली, पण त्या निघाल्या नाहीत. पायाशी टांगलेल्या पेटीकडे बघत राहिल्या.

“हीच पेटी माझ्या आणखी चार घरी आहे,” त्या म्हणाल्या. “एक आजी तर एकट्याच असतात.”

आईने कपाळाला हात लावला. “सिस्टर, मला आज कामावर जायचंय. अशी किती घरं फिरणार मी? कंपनीला पत्र लिहू, वरच्या साहेबांना…”

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मुंगी टेबलापाशी गेली होती. तिने लॅपटॉप मिटून पिशवीत घातला. तारा गुंडाळून त्यावर ठेवल्या. मग दाराशी बसून चपला घातल्या आणि सिस्टरना विचारलं, “त्या आजी कुठे राहतात?”